1946 चा नौसैनिकांचा संप आणि डाळ-भाताचा आक्षेप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. 1946 मध्ये ब्रिटिशांच्या रॉयल इंडियन नेव्हीतल्या भारतीय नाविकांनी केलेल्या उठावावर मी जे लिहिलं ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मूळ भांडण होतं मेसमधल्या डाळ-भाताचं आणि त्याला मागाहून स्वातंत्र्यलढ्याचा रंग दिला गेला. दुसरं, वर्दीतल्या माणसाने हुकूम मोडला की ती बेशिस्तच, तिचं कौतुक करून मी तरुण पोरांपुढे चुकीचा आदर्श ठेवतोय. आणि तिसरं, तेव्हाच्या मोठ्या नेत्यांनीच पाठ फिरवली म्हणजे त्यात काही दम नव्हता. तुम्ही स्वतः नेव्हीत नोकरी केलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय सोडणं मला बरोबर वाटत नाही.

आधी डाळ-भात. जेवण वाईट होतं, खडे असलेलं होतं आणि 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या एचएमआयएस तलवारवर साधारण 1,100 जण संपावर गेले ते जेवण नाकारूनच, हे सगळं मान्य. पण सर, तुम्ही गोष्ट 18 तारखेपासून सुरू करताय आणि गोम तिथेच आहे. तलवार हे जहाज नव्हे, किनाऱ्यावरचं ठाणं, वायरलेसवरून संदेश पाठवायला शिकवणारी सिग्नल स्कूल. तिथली पोरं शिकलेली, रेडिओवर बसणारी, लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चाललाय हे रोज ऐकणारी. 1 डिसेंबर 1945 ला नेव्ही डे होता, मुंबईकरांना बोलावून तलवार दाखवायची होती, आणि त्या सकाळी अधिकारी उठून बघतात तर भिंतींवर ‘क्विट इंडिया’, ‘जय हिंद’, ‘इन्किलाब झिंदाबाद’ रंगवलेलं, पताका जाळलेल्या, आणि डोलकाठीवर झाडू आणि बादल्या टांगलेल्या! आता मला सांगा, यात डाळ कुठे आहे? हे संपाच्या अडीच महिने आधीचं आहे.

पुढे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरसेनापती ऑकिनलेक भेटीला येणार म्हणून पुन्हा घोषणा रंगवल्या गेल्या, त्यात बलाई चंद्र दत्त हा टेलिग्राफिस्ट पकडला गेला, लॉकरमध्ये राजकीय साहित्य सापडलं, त्याला कोठडीत टाकलं. त्यानंतर तलवारचा प्रमुख कमांडर किंग याने बराकीत येऊन पोरांना आईबापावरून आणि कुली, जंगली म्हणून शिव्या दिल्या, पोरांनी रीतसर लेखी तक्रार केली, आणि तक्रारीचं काही होत नाही म्हटल्यावर जेवण नाकारलं. रीतसर अर्ज आधी आणि संप नंतर, हा क्रम तुमच्यासारख्या सर्व्हिसमधल्या माणसाने तरी लक्षात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आणि मागण्यांची यादी बघा ना. चांगलं जेवण त्यात आहेच, गोऱ्या नाविकांइतका पगार आणि भत्ते आहेत, नोकरी सुटल्यावर कपड्यांचा किट परत मागू नका हीसुद्धा मागणी आहे. आणि त्याच यादीत सगळ्या राजकीय कैद्यांना सोडा, आझाद हिंद सेनेच्या जवानांना सोडा, इंडोनेशिया आणि इजिप्तमधून भारतीय सैन्य परत बोलवा असंही आहे. ज्याला फक्त डाळीची पडलीय तो इंडोनेशियाचं नाव कशाला काढेल? तिथे डचांची सत्ता परत बसवायला आपले जवान वापरले जातायत हे त्या विशी-बाविशीच्या पोरांना कळत होतं. पोटाचा प्रश्न आणि देशाचा प्रश्न त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हतेच, कारण एकाच जहाजावर तेच काम करून गोऱ्याला वेगळं ताट आणि आपल्याला वेगळं ताट हे रोज दिसत होतं.

ही पोरं होती कोण हेही सांगतो. युद्धाआधी या नेव्हीत जेमतेम दोन हजारांच्या आत माणसं, भरती बरीचशी आपल्या रत्नागिरीकडच्या दर्यावर्दी घरांमधून, विशेषतः कोकणी मुसलमानांमधून, आणि पंजाबातून. युद्धात ती फुगून तीस हजारांच्या आसपास गेली, देशभरातून मॅट्रिकपर्यंत शिकलेली मुलं आली, समुद्रावर लढली, आणि युद्ध संपलं तसं ‘आता घरी जा’ म्हणायला लागले. संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढवले, आणि तेही 1946 साली, जेव्हा बाहेर हे पक्ष एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. सिग्नलवालेच संपावर, त्यामुळे वायरलेसने बातमी फिरायला वेळ लागला नाही, बघता बघता 78 जहाजं, 20 किनाऱ्यावरची ठाणी आणि वीस हजार नाविक त्यात आले.

आता शिस्तीचा मुद्दा. तुमचा हा आक्षेप मी हलका समजत नाही. 19 तारखेला फोर्टात ट्रक फिरवत दंगा झाला, काही गोऱ्यांना मारहाण झाली, अमेरिकन झेंडा खाली ओढला गेला, ते चुकीचंच होतं आणि मी त्याचं समर्थन करत नाही. पण पुढचे दिवसही बघा. 21 ला नाविकांच्या कॅसल बॅरॅक्सला लष्कराचा वेढा पडला, गोळीबार दोन्हीकडून झाला (ही जागा म्हणजे आजचं आयएनएस आंग्रे, तुम्ही तिथे नक्की गेला असाल). त्याच दिवशी नेव्हीचा प्रमुख व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रे रेडिओवरून धमकी देतो की सरकार हाताशी असलेली सगळी ताकद वापरेल, मग त्यात आख्खी नेव्ही नष्ट झाली तरी चालेल. बंदरावरून विमानं फिरवली. तोफा असलेली जहाजं पोरांच्या ताब्यात होती, मुंबई टप्प्यात होती, आणि तरीही त्यांनी शहरावर तोफा डागल्या नाहीत. वरचे अधिकारी नाहीत, जेवण तोडलेलं, डोक्यावर विमानं, अशा वेळी विशीतली पोरं हात आवरून राहतात, याला मी शिस्तच म्हणतो.

आणि जेवण तोडलं तेव्हा काय झालं? लोक टोपल्या भरून खाणं घेऊन गेटवेवर आले. फळं, पाव, दूध, ज्याला जे जमलं ते. दुकानदार नाविकांना म्हणायचे काय लागेल ते घेऊन जा. जहाजांवरून लाँचेस यायच्या आणि टोपल्या घेऊन जायच्या. मला तर या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो, कारण एरवी वर्दी आणि रस्ता यांच्यात भिंत असायची, ती त्या दोन-तीन दिवसांत राहिलीच नाही.

22 ला मुंबईत हरताळ झाला, गिरणगाव बंद, आणि सरकारने रस्त्यावर लष्कर उतरवलं. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. सरकारी आकडाच 228 नागरिक ठार आणि हजारावर जखमी असा आहे. त्याच दिवशी कराचीत हिंदुस्तान जहाजावर तोफा डागून ते शरण आणलं. इतकी माणसं दुसऱ्यांच्या डाळीसाठी मरत नाहीत हो.

नेत्यांचं म्हणाल तर गांधीजींनी नापसंती दाखवली, वल्लभभाईंनी संप मागे घ्यायला लावला, हे मी लिहिलंच होतं. पटेलांचा विचार उद्याच्या स्वतंत्र देशाला शिस्तीचं सैन्य लागेल हा होता आणि तो मला समजतो. पण अरुणा असफ अली आणि अच्युतराव पटवर्धन हे समाजवादी नेते या पोरांच्या बाजूने होते, म्हणजे ‘सगळ्यांनी पाठ फिरवली’ हे खरं नाही. आणि हेही सांगतो की या संपामुळे ब्रिटिश लगोलग गेले असं मी कुठेही म्हटलेलं नाही. सत्तांतराची बोलणी करायला येणाऱ्या कॅबिनेट मिशनची घोषणा 19 फेब्रुवारीला झाली, पण निर्णय आधीच झालेला होता. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान अॅटली यांच्या तोंडी घातलं जाणारं ते प्रसिद्ध वाक्यही, की आम्ही गेलो त्यामागे नौसैनिकांचा उठाव हे एक कारण होतं, ऐकीव आहे म्हणून मी मुद्दाम टाळलं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. कोणावरही सूड उगवला जाणार नाही या आश्वासनावर 23 ला सकाळी त्यांनी काळे झेंडे चढवून शरणागती दिली, आणि आम्ही ब्रिटनला नाही, भारताला शरण जातोय असं सांगून दिली. मग मुलुंडच्या छावणीत डांबलं, 476 जणांना नोकरीतून काढलं, आणि दीड वर्षात स्वातंत्र्य आलं तरी ना भारताने त्यांना परत घेतलं ना पाकिस्तानने. ज्या पोरांनी जय हिंद रंगवलं त्यांना जय हिंद म्हणणाऱ्या नेव्हीत जागा नव्हती. स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शनचा हक्क मिळाला तो खूप उशिरा.

आज मात्र तुमच्याच नेव्हीने भूमिका बदललीय. कुलाब्यात कूपरेजजवळ या उठावाचं स्मारक आहे, मदन सिंग आणि बी. सी. दत्त या नावांचे टग (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटी) नेव्हीत आले, आणि 26 जानेवारी 2022 च्या संचलनात नेव्हीच्या चित्ररथावर दर्शनी भागात हाच उठाव होता. पोरांपुढे हा आदर्श ठेवू नका असं तुम्ही मला म्हणालात, पण तो तर नेव्हीने स्वतः राजपथावर ठेवला.

एक विनंती आहे. तुम्ही भरती झालात तेव्हा 46 साली जहाजावर असलेले जुने सीनियर कदाचित भेटले असतील. मेसमध्ये, रात्रीच्या वॉचवर त्यांनी काही सांगितलं असेल, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध असलं तरी चालेल, जरूर लिहा, मी ते मूळ लेखाखाली तसंच्या तसं टाकीन.