आधी आरसा, मग संगणक

गेल्या महिन्यात भाचीसोबत नाकाच्या शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी पुण्यातल्या दोन सर्जनांकडे जाऊन आले. बाजूने काढलेल्या फोटोत नाकाच्या हाडावरचा उंचवटा तिला खटकतो, तक्रार एवढीच. पहिल्या डॉक्टरांनी तिचे वाक्य पुरे होण्याआधीच फोटो संगणकावर घेतला, नाक सरळ केले, शेंडा उचलला आणि कोणी विचारले नसताना हनुवटीही थोडी पुढे आणून दाखवली. परतताना रिक्षात कोथरूड येईपर्यंत ती गप्प होती, मग म्हणाली, "मावशी, माझी हनुवटी वाईट दिसते का गं?" हा प्रश्न तिला 22 वर्षांत कधी पडला नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला आणि काय खटकते ते बोटाने दाखवायला सांगितले. तिने बोट ठेवले, ते थांबले. कधीपासून वाटते, कोणी काही बोलले का, लग्नाचे बघणे सुरू आहे म्हणून तर नाही ना, दोन्ही नाकपुड्यांतून श्वास नीट येतो ना, असे सगळे त्यांनी विचारले. शेंड्याची सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसायला वर्षही लागू शकते आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, हे त्यांनी साध्या मराठीत सांगितले. सिगारेटबद्दल विचारताना मात्र त्यांनी मला बाहेर बसवले, आणि ते योग्यच झाले, कारण धूम्रपानाने जखम भरायला अडथळा येतो आणि घरच्यांसमोर मुली खरे सांगत नाहीत.

संगणकावरच्या चित्राला माझा विरोध नाही. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्यात झालेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने 1794 साली छापला होता. ती शस्त्रक्रिया करणाऱ्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या कारागिराची पद्धत अशी, की मेणाचा पातळ पत्रा आधी नाकाच्या जागी बसवून आकार ठरवायचा आणि मग तोच कपाळावर सपाट पसरून कातडीचे माप घ्यायचे. नमुना तेव्हाही लागत होता, पण तो रुग्णाच्या उणिवेवर बेतलेला होता. नवी उणीव दाखवण्यासाठी नव्हता.

उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल हे सांगून मगच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेत तर 'काहीच न करणे' हा पर्याय बहुतेक वेळा पूर्ण सुरक्षित असतो, म्हणून तो डॉक्टरांनी स्वतःहून उच्चारला पाहिजे.

दुसऱ्या डॉक्टरांनी संमतिपत्र मराठीत, घरी वाचायला दिले आहे. भाचीने समासात पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिलेत. तारीख अजून घेतलेली नाही.