वास येत नाही म्हणून हातमोजे काढू नका

गेल्या रविवारी भाच्याने कुडाळहून हाताचा फोटो पाठवला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ, बोटांच्या बेचक्यांत पाणी धरलेले बारीक फोड. खाली एक ओळ: "मामा, हे रेझिनमुळे असेल का?"

रेझिनमुळेच, म्हणजे लाकडाच्या फटीत आणि वर काचेसारखा थर द्यायला ओततात त्या इपॉक्सी नावाच्या पातळ रसायनामुळे. आणि त्या मेसेजमुळे, जो महिनाभर आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. 'इपॉक्सी टेबल घरीच बनवा, सुताराची गरज नाही.' रेझिन नैसर्गिक असतं, त्याला वास नसतो म्हणून मास्क-मोजे लागत नाहीत. लवकर सुकवायचं तर हार्डनर (रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतात ते दुसरं रसायन) थोडा जास्त घाला. लाकूड कुठलंही चालतं. वर गरम भांडं ठेवलं तरी काही होत नाही. चकाकी जन्मभर काचेसारखी राहते. मी सुतारकामात बावीस वर्षं आहे, त्यातली सहा वर्षं रेझिन ओततोय. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

आधी 'वास नाही, म्हणजे धोका नाही' हे बघू, कारण नुकसान यानेच होतं. टेबलांसाठी जे इपॉक्सी मिळतं ते बहुतेक बिस्फेनॉल ए आणि एपिक्लोरोहायड्रिनपासून बनतं, आणि त्यात मिसळायचा हार्डनर अमाइन जातीचा असतो. वास कमी येतो, हे खरं. पण इपॉक्सीचा मोठा धोका नाकाला नाही, कातडीला आहे. युरोपीय संघाच्या रसायन-वर्गीकरणात या रेझिनवर एच ३१७ हा शेरा आहे: त्वचेवर ॲलर्जीची प्रतिक्रिया होऊ शकते. रेझिनबरोबर सुरक्षा-पत्रक येतं, त्यात हाच आकडा शोधा. पत्रक मिळालं नसेल तर दुकानदाराकडून मागून घ्या. डेन्मार्कमध्ये इपॉक्सीवर काम करणाऱ्या कामगाराला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, तसा कायदाच आहे. आपल्याकडे ते काम व्हॉट्सॲप करतंय.

ही ॲलर्जी फसवी असते. पहिल्या पाच-दहा वेळा हाताला काहीच होत नाही, माणूस म्हणतो, मला चालतं. तेवढ्यात शरीराने ते ओळखून ठेवलेलं असतं. एकदा ॲलर्जी बसली की सहसा जन्मभर राहते, आणि मग पुढे थेंबभर रेझिन किंवा अर्धवट सुकलेल्या थराची धूळसुद्धा पुरते. हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसायचा सल्लाही मेसेजात आहे. तो तर घातकच. थिनर कातडीवरचा तेलकट थर काढतो आणि पातळ झालेलं रेझिन आत मुरायला वाट करून देतो. लगेच साबण आणि पाणी घ्या. त्याहून बरं, नायट्राइल रबराचे हातमोजे घाला आणि फाटले की फेकून द्या. घासताना धुळीचा चांगला मास्क लावा. ओतताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि जागा कोंदट असेल तर वाफा अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क लागतो, कापडी नाही.

'नैसर्गिक' या शब्दात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. काही रेझिनमध्ये वनस्पतिजन्य ग्लिसरीनपासून केलेला घटक असतो. पण बनल्यावर रसायन तेच, एच ३१७ तोच.

आता हार्डनर. ही चूक कुठून आली ते मला माहीत आहे. फायबरचं काम करणारे जे पॉलिएस्टर रेझिन वापरतात, त्यात हार्डनरचे थेंब वाढवले की ते लवकर घट्ट होतं. इपॉक्सीत तसं नाही. इथे हार्डनर रेझिनशी ठरलेल्या प्रमाणात जोडला जातो. जास्त घातला तर उरलेला तसाच राहतो, आणि थर महिनाभर चिकट राहतो. प्रमाणही नीट वाचा. दोनास एक हे बहुधा मापाने असतं. तेच तुम्ही काट्यावर वजनाने मोजलंत तर हार्डनर जास्त पडतो, कारण तो रेझिनपेक्षा हलका असतो.

भाच्याने दोन्ही केलं. टेबल चिकट राहिलं, मग दोन दिवस तो ते उघड्या हातांनी पॉलिश पेपरने घासत बसला. हातावर आलं ते तिथून.

घाई करायचीच तर जाडी सांभाळा. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं. वरच्या थराचं रेझिन एका वेळी साधारण ३ मिलिमीटर ओतायचं असतं. तेच दीड-दोन इंच ओतलं, किंवा कालवून मगातच ठेवलं, तर उष्णता अडकते. मी ते बघितलंय: मिश्रणाचा मग मऊ पडून एका बाजूला कलला, पांढरा धूर निघाला, आत मधासारखा पिवळा, तडकलेला गोळा. दोन फळ्यांमधली जाड 'नदी', म्हणजे रेझिनचा पट्टा, ओतायला वेगळं, संथ रेझिन मिळतं. आणि डब्यावरचा वेळ बहुतेक २५ अंशांचा असतो. एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांत तो निम्म्यावर येतो.

'कुठलंही लाकूड' नाही. भाच्याची फळी गेल्या पावसाळ्यात पाडलेल्या फणसाची होती. वखारीत ओलावा मोजायचं यंत्र असतं, आकडा १२ टक्क्यांच्या आत हवा. ओलं लाकूड सुकताना आकसतं, रेझिन तेवढं आकसत नाही, आणि सांधा सुटतो.

गरम भांड्याचं थोडक्यात: बरीच टेबल-रेझिन ५०-६० अंशांनाच मऊ पडू लागतात. चहाच्या कपाखालीही चटई ठेवा. चकाकीचं तेच. ऊन लागलं की पिवळेपणा येतो, उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर घातलेलं असलं तर उशिरा येतो.

भाच्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, सुरक्षा-पत्रक सोबत घेऊन. फळी मी पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आणतो. चिकट थर पटाशीने खरवडून काढायचा आणि फणस वर्षभर सावलीत रचून ठेवायचा. खरवडायचं काम माझं, त्याने आता त्या फळीला हात लावायचा नाही.