‘एफडीएला सॅसच लागतं’ म्हणे!

पुण्यातल्या भाचीनं काल एका जाहिरातीचा फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न: ‘मावशी, खरंय का गं? सॅसच्या क्लासची फी भरायचीय.’ मजकूर असा: क्लिनिकल ट्रायलच्या कामात अमेरिकेची औषधांना परवानगी देणारी संस्था एफडीए फक्त सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअरच मान्य करते; ‘आर’ हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणून त्याची उत्तरं चुकतात; आणि शायनीची, म्हणजे आरमध्येच ॲप बनवायच्या साधनाची, ॲप्स म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टपुरता खेळ.

एफडीएनं याच गोंधळावर २०१५ साली छोटंसं लेखी स्पष्टीकरण काढलंय. संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी अमुकच सॉफ्टवेअर वापरा अशी अट नाही. जे वापराल त्याची आवृत्ती-बिल्डसकट नोंद द्या, बस्स. ते त्यांच्याच साइटवर आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ते उघडूनही पाहिलेलं नाही.

आता उत्तरं चुकण्याची गंमत. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडलाय: आरमध्ये २.५ ला राउंड केलं की २ येतात, सॅसमध्ये ३. ‘आरला शाळेतलं गणित येत नाही!’ अहो, तो नियम आहे. संख्या बरोबर अर्ध्यावर असली की आर जवळच्या सम अंकाकडे जातं. ०.५, १.५, २.५, ३.५ घ्या. बेरीज ८. आरच्या पद्धतीनं ०, २, २, ४ होतात, बेरीज ८च. शाळेतल्या पद्धतीनं १, २, ३, ४, म्हणजे १०. दर वेळी अर्धा वरच ढकलला की बेरीज फुगते, म्हणून हा नियम. आरच्या मदतीच्या पानावर तो उघड लिहिलाय. आणि खुद्द सॅसमध्ये अगदी हेच करणारं ‘राउंड-ई’ नावाचं फंक्शन आहे! सॅस शिकवणाऱ्यांना ते माहीत नसेल तर फी कसली घेता? दोन्हीकडचे आकडे जुळवताना हा फरक सांभाळावा लागतो, हे खरं; पण त्याला चूक म्हणत नाहीत.

शायनीबद्दल एवढंच सांगते. आर कन्सॉर्शियम या आरला पाठबळ देणाऱ्या संस्थेनं २०२२ मध्ये एफडीएकडे चाचणी म्हणून एक अख्खं शायनी ॲप सादर केलं. रुग्णांचा गट निवडला की कॅप्लान-मायर आलेख (एखादी घटना घडेपर्यंत रुग्णांना किती काळ लागतो ते दाखवणारा) तिथल्या तिथे बदलतो. एफडीएच्या लोकांनी ते आपल्याकडे चालवून पाहिलं. खऱ्या औषधाचा अर्ज नव्हता तो, मान्य. पण खेळ म्हणून कुणी हाकलूनही दिलं नाही.

अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकते. एफडीएला डेटा द्यायचा तो ‘एक्सपीटी’ नावाच्या फाइल-फॉरमॅटमध्ये, आणि तो मूळचा सॅसवाल्यांचाच. पण त्याची रचना जाहीर आहे, आरचं ‘हेवन’ पॅकेज तशी फाइल लिहितं. शिवाय कंपन्यांत वर्षानुवर्षांचा सॅस कोड पडलाय, तो सांभाळायला माणसं लागतात. त्या नोकरीसाठी सॅस जरूर शिका. मग जाहिरातीत तेवढंच लिहा ना, एफडीएचं नाव कशाला मधे घालता?