मूळ फाइल जोडावी

ज्या नाशकात चौकाचं नावच मायको सर्कल आहे (मायको म्हणजे आजची बॉश, डिझेल इंजिनाचे भाग बनवणारी), तिथे डिझेल इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं अवघड. मी अंबडला एका गॅरेजात गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे काँप्युटर, वाचतो. वाचतो म्हणजे केबल लावून गाडीच्या डोक्यातला प्रोग्राम फाइल म्हणून उतरवून घेतो. ती फाइल युरोपातल्या एका सर्व्हिसला पाठवायची. तिथे कुणीतरी त्यातले आकडे बदलतं, फाइल परत येते, मी ती गाडीत भरतो, ग्राहक हायवेला चक्कर मारून येतो आणि "वाऽ" म्हणतो. आमच्या पत्रकावर एवढंच छापलंय. फाइल नामंजूर होते, हे छापायला जागा उरली नव्हती.

पिंपळगावचे द्राक्षवाले आप्पा पत्रक वाचूनच आले. गाडी १.६ लिटरची डिझेल सेडान, पुण्याच्या एका पोराकडून सेकंडहँड घेतलेली. तक्रार अशी, की मुंबईहून येताना कसारा चढायला लागली की गाडी दम टाकते आणि मागे काळा धूर सोडते.

गॅरेजमालक अण्णा म्हणाले, "आप्पा, आधी टर्बोचे पाइप बघू का?"

"पाइप नको. मला काँप्युटर करायचाय," आप्पा म्हणाले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. त्या खुर्चीतून ते नंतर फक्त जेवायला उठले.

फाइल पाठवण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. गाडीचं मॉडेल त्यांच्या यादीतून निवडायचं, पण आपल्याकडे विकली जाणारी निम्मी नावं त्या यादीत नसतातच. इंजिनावरून नातं जुळवावं लागतं. ताकद किलोवॅटमध्ये. आप्पांना १०५ हॉर्सपॉवर म्हणजे ७७ किलोवॅट हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "इथंच कमी झाली का?" मग हार्डवेअर नंबर. बॉशचा ईसीयू असेल तर डिझेलचा ०२८१ ने सुरू होतो, पेट्रोलचा ०२६१ ने. मग १०३७ ने सुरू होणारा सॉफ्टवेअर नंबर. गाडीची एवढी वंशावळ भरून मी बटण दाबलं. त्यांचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपले साडेबारा झालेले असतात, त्यामुळे उत्तर आलं ते आप्पांच्या तिसऱ्या चहाला.

"फाइल योग्य नाही. मूळ फाइल जोडावी."

कारण नाही, खुलासा नाही, कुणाला विचारायचं तेही नाही. तलाठी कार्यालयातला कारकून निदान चष्म्यावरून बघतो तरी.

कारण मला ठाऊक होतं, कारण ते नेहमीचंच. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावून असे बरेच ईसीयू खरे वाचताच येत नाहीत. ते आतला प्रोग्राम बाहेर देत नाहीत. मग टूल काय करतं, ईसीयूकडून फक्त नंबर विचारून घेतं आणि त्याच नंबरची फाइल टूलवाल्याच्या सर्व्हरवरून आणून देतं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'रीड पूर्ण'. गाडी वाचलेलीच नसते. तरी बहुतेक सर्व्हिसवाले तशी फाइल चालवून घेतात, पण काही कडक असतात. आमचे कडक निघाले.

मग ईसीयू बाहेर काढायचा. वायपर काढा, काचेखालची जाळी काढा. त्याखाली पत्र्याची पेटी, आणि तिच्या बोल्टना डोकीच नाहीत. चोरी होऊ नये म्हणून ते घट्ट केल्यावर डोकं तुटेल असेच बनवतात. चोराचं माहीत नाही, अण्णांनी मात्र छिन्नी-हातोडीनं ते फिरवताना त्या कल्पक माणसाच्या कुळाचा उद्धार केला. आप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "काँप्युटरच्या कामाला हातोडी लागते, हे पत्रकात नव्हतं."

टेबलावर ईसीयू, त्याला बारा व्होल्ट, चार बारीक वायरी. मोजपट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, ईसीयू मेला. फोल्डरमध्ये फाइल दिसत होती, पण अर्ध्यापासून पुढे ओळीनं एकच आकडा. ती पुसून टाकायला सांगून मी इन्व्हर्टर बघायला गेलो, तेवढ्यात अण्णांच्या पुतण्यानं ती उत्साहानं पाठवूनही दिली. नामंजुरी. मजकूर तोच. खोटी फाइल, अर्धी फाइल, त्यांना सगळं सारखंच.

लाइट आल्यावर पुन्हा वाचली. २ एमबी म्हणजे बरोबर २०,९७,१५२ बाइट. एक कमी नाही, एक जास्त नाही. प्रोग्रामच्या प्रत्येक भागाची बेरीज त्याच फाइलमध्ये लिहिलेली असते, त्याला चेकसम म्हणतात. एक आकडा हलला तरी ती जुळत नाही. इथे सगळ्या बेरजा जुळल्या. इतकी देखणी फाइल मी फार दिवसांत पाहिली नव्हती. पाठवली.

"मूळ फाइल जोडावी."

आप्पा म्हणाले, "माणूस बदलून बघ. दुसऱ्याकडं पाठव." मला खरं म्हणजे तेच करावंसं वाटत होतं. पण म्हटलं, एकदा तुलना करू. त्याच सॉफ्टवेअर नंबरची कंपनीची मूळ फाइल माझ्याकडे साठ्यात होती. दोन्ही शेजारी उघडल्या, आणि फरकाच्या ओळी लाल होत गेल्या. टॉर्क लिमिटर, म्हणजे ताकदीची मर्यादा, वाढवलेला. स्मोक लिमिटर, म्हणजे धूर होऊ नये म्हणून डिझेलवर ठेवलेली मर्यादा, तोही वाढवलेला. बूस्ट म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, रेल प्रेशर म्हणजे डिझेलचा दाब, सगळीकडे कुणीतरी सढळ हातानं आकडे चढवलेले, आणि नंतर बेरजा नीट जुळवून ठेवलेल्या. पुण्याच्या पोरानं गाडी विकली, पण हे सांगितलं नव्हतं.

"आप्पा, तुमची गाडी आधीच रीमॅप केलेली आहे."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "म्हणजे मी कसाऱ्याला जी मरतुकडी चालवतोय, ती ताकद वाढवलेली आहे?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. कंपनीची फाइल परत भरली, ईसीयू बसवला, वायपर लावले. एव्हाना अण्णा गाडीखाली शिरले होते. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपपाशी बोटभर फाटलेला. टर्बो हवा दाबत होता, ती इंजिनात जायच्या आधीच निम्मी रस्त्यावर. डिझेल मात्र वाढीव मापानं पडत होतं, म्हणून काळा धूर. अण्णा काही बोलले नाहीत. तो पाइप त्यांनी माझ्या लॅपटॉपवर आणून ठेवला.

नवा पाइप घालून आप्पा हायवेला जाऊन आले. "वाऽ" म्हणाले. पाइपाचे पैसे दिले, माझ्या कामाचे अर्धे दिले आणि निघता निघता परत फिरले.

"पुण्याच्या पोरानं पैसे देऊन केलेली ती फाइल आहे ना तुझ्याकडं? वाया कशाला घालवायची. आमच्या जावयाच्या गाडीत टाकून दे."

जावयाची गाडी पेट्रोल आहे.