डाव्या कुशीवर वळा

"खाली जरा त्रास आहे," एवढं सांगून भगंदराचा (म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेल्या वाटेचा) पेशंट पंख्याकडे बघतो. 'खाली' म्हणजे टाचेपासून कमरेपर्यंत कुठेही. ते आम्ही ओळखायचं. सोबत आलेला मेव्हणा "मूळव्याध हो!" म्हणून निदान उरकतो. मग मी विचारतो, "फोड येतो, फुटतो, पू जातो, बरं वाटतं आणि पुन्हा भरतो?" इथे पंखा सुटतो.

आता डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, बूड टेबलाच्या कडेला. सगळ्यात अवघड हे शेवटचंच. जो तो भिंतीकडे सरकतो.

पहिल्यांदा नुसतं पाहायचं असतं, म्हणून हळद-पावडर थापून येऊ नये. पाण्याने धुऊन या, बस्स. वाहणारा पू आम्हाला बघायचाच असतो. बाहेरचं तोंड कुठे आहे ते घड्याळाच्या भाषेत लिहितात : पुढे १२, माकडहाडाकडे ६. पेशंट कुशीवर वळला तरी हे घड्याळ वळत नाही, ते कायम उताण्या माणसाचंच. नवशिके डॉक्टर इथे हटकून नवाचे बारा वाजवतात.

हे घड्याळ एवढ्यासाठी, की तोंडावरून आतली वाट ताडता येते. लंडनच्या सर्जन गुडसॉल यांचा नियम असा : गुदद्वाराच्या मध्यावर आडवी रेघ कल्पा. तोंड रेघेच्या पुढे असेल तर वाट सरळ आत. मागे असेल तर वळसा घालून ६ वाजता आत शिरते. पुढचं तोंड गुदद्वारापासून ३ सेंटिमीटरहून लांब असेल, तर त्याची वाटही बहुधा मागेच वळते. पुढच्या बाजूला नियम जास्त फसवतो. सुश्रुतांनी भगंदराच्या प्रकारांना उष्ट्रग्रीव, शंबूकावर्त अशी नावं दिली. उंटाची मान आणि शंखाचे वेढे. वाकडेपणाची कल्पना त्यांनाही होती.

मग बोट. हातमोजा, भरपूर जेली. आधी बाहेरून चाचपायचं. वाट वरवर असेल तर कातडीखाली सुतळीसारखी लागते, दाबली की पू येतो. आत जाताना मी "शौचाला करता तसं कुंथा" म्हणतो, कारण त्याने गुदद्वाराचा स्नायू सैलावतो. अनर्थाच्या भीतीने पेशंट नेमका आवळतो. साधारण २ सेंटिमीटर आत, साबुदाण्याएवढा कडक दाणा किंवा खळगी लागली, तर ते आतलं तोंड. आता खरंच आवळायचं असतं. स्नायूत किती जोर आहे ते कळल्याशिवाय ऑपरेशनमध्ये त्याचा किती भाग कापता येईल हे ठरत नाही. पेशंट दात आवळतो, डोळे मिटतो, उशी मुठीत धरतो. हवा तो स्नायू मात्र ढिम्म.

ताप आणि ठणकणारी गरम गाठ असेल, किंवा ताजी चीर असेल, तर बोट घालायचा हट्ट धरू नये. बाहेरच्या तोंडातून सळई घालून बघण्याची हौस भूल दिल्यावरच भागवावी. जाग्या माणसात दुखतं आणि नसलेली वाट तयार होते.

शेवटी आधी कपडे, मग बोलणं. पायजम्याची नाडी हातात धरलेल्या माणसाला एमआरआय समजावला, तर तो मान हलवतो आणि बाहेर जाऊन मेव्हण्याला सांगतो, "मूळव्याधच निघाली."