वेग कमी करा, पण आधी मालकाला सांगा

बॅटरी थकली की कंपनीने जुन्या फोनचा वेग कमी करावा का? माझं मत स्पष्ट आहे. करावा, पण मालकाला सांगून आणि नको म्हणायची सोय ठेवून.

कंपन्यांची तांत्रिक बाजू खोटी नाही. लिथियम-आयन बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. मग फ्लॅश लावून फोटो काढायला जावं, तर प्रोसेसर आणि कॅमेरा एकदम जास्त वीज ओढतात, व्होल्टेज खाली येतं आणि ३० टक्के चार्जिंग दाखवणारा फोन पटकन बंद पडतो. थंडीत तर हमखास. अडचणीच्या वेळी फोन बंद पडण्यापेक्षा तो जरा रेंगाळलेला परवडला.

पण २०१७ च्या सुरुवातीला अ‍ॅपलने जे केलं ते मला आजही पटत नाही. आयफोनच्या आयओएस १०.२.१ या सॉफ्टवेअर अपडेटमधून आयफोन ६, ६एस आणि एसईचा वेग गरजेनुसार कमी होऊ लागला. फोन अचानक बंद पडण्याचं प्रमाण घटलं, एवढं कंपनीने सांगितलं. ते कशाच्या बदल्यात घटलं, हे मात्र डिसेंबरात बाहेर आलं, तेही फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच या चाचणीचे निर्माते जॉन पूल यांनी तिचे आकडे मांडल्यावर.

तोवर ज्यांच्या हातात हे फोन होते त्यांना काय दिसत होतं? कीबोर्डवर अक्षर दाबलं की ते क्षणभराने उमटतंय. अ‍ॅप उघडायला वेळ लागतोय. अशा वेळी माणूस बॅटरीवर संशय घेत नाही. फोनच जुना झाला म्हणतो आणि नवा घ्यायला निघतो. खरं तर बॅटरी बदलली असती तरी वेग परत आला असता. माफी मागितल्यावर अ‍ॅपलने त्या बदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. म्हणजे शेकडो डॉलरचा निर्णय लोक अर्धवट माहितीवर घेत होते! फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड ठोकला तो नेमका यासाठीच: ग्राहकांना कळवलं नाही म्हणून.

आगीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल ६ए फोनसाठी सक्तीचं अपडेट काढलं, ४०० चार्जिंग चक्रांनंतर बॅटरीची क्षमता कमी करणारं. तिथे नकाराची सोय नसली तरी माझी हरकत नाही, कारण त्यामागचं कारण उघडपणे सांगितलं होतं आणि मोफत बॅटरीचा पर्यायही दिला होता.

युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशीच असावी लागणार आहे. हा नियम सगळीकडे हवा. आणि तोवर निदान एवढं करा: वेग कमी कराल त्याच दिवशी स्क्रीनवर ठळक सूचना द्या, की बॅटरी थकल्यामुळे वेग कमी केलाय, नवी बॅटरी घातली की पूर्ववत होईल, बदलायला इतका खर्च येईल. सेटिंग्जच्या चौथ्या पानावर नको, समोर द्या.