शिकलेल्या मिडवाइफला लेबर रूममधून उठवू नका

"ताई, एमएससी केलं की लेबर रूम सुटेल ना?"

परवा नाइट संपवून कपडे बदलताना माझ्यासोबतच्या एका मुलीनं हे विचारलं. आम्ही दोघी मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. तिला या कामात पाच वर्षं झालीत. हात चांगला आहे, आवाज शांत आहे, घाबरलेली बाई तिच्याकडे बघून नीट श्वास घ्यायला लागते. त्या रात्री तीन बाळंतपणं झाली होती. एकीला वार पडल्यावर रक्तस्राव थांबेना, तो आटोक्यात येईपर्यंत हिनं तिच्या पोटावरचा हात काढला नव्हता. आणि हीच मुलगी पुढच्या शिक्षणाकडे सुटका म्हणून बघतेय.

मला तिचा राग नाही आला. तिनं जे पाहिलंय त्यावरून तिचा हिशेब अगदी बरोबर आहे. आमच्यातली जी शिकली ती वर गेली, आणि जी वर गेली ती लेबर रूममधून गेली.

माझंही तेच झालं. मी नोकरी करत मास्टर्स केलं. नाइटनंतर दोन तास झोपून लेक्चरला बसायचं, सुट्टीचे दिवस प्रबंधात घालायचे, घरच्यांनी सांभाळून घ्यायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. विषय घेतला होता तो रोज डोळ्यांसमोर दिसणारा: जोर लावायच्या वेळी आपण बाईला सरसकट पाठीवरच का झोपवतो? बाळंतीण झालेल्या बायकांशी मी बोलले. कशी बसू, कशी झोपू असं तुम्हाला कुणी विचारलं का, एवढाच प्रश्न. एकीनं उलट मलाच विचारलं, "विचारायचं असतं का?" ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पदवी हातात आली आणि त्यानंतर काही महिन्यांत बढती मिळाली. ड्यूटीचे तक्ते, साठ्याचं रजिस्टर, तपासणीच्या फाइली, रजेचे अर्ज. पगार वाढला, खुर्ची मिळाली, लोक मॅडम म्हणायला लागले. दोन वर्षांत माझ्या हातात एकही बाळ आलं नाही. ज्या विषयावर प्रबंध लिहिला तो विषय भिंतीपलीकडच्या खोलीत रोज घडत होता आणि मी इकडे टेबलावर होते. बायका अजूनही पाठीवरच झोपत होत्या. मी लेखी अर्ज केला की मला परत लेबर रूममध्ये द्या. उत्तर मिळालं, "एवढं शिकून पुन्हा बाळंतपणंच करणार?"

या वाक्यातला 'च' मला फार लागला. आजही लागतो. हृदयाच्या सर्जननं आणखी शिकावं आणि मग ऑपरेशन थिएटर सोडून रजिस्टर लिहावं, असं त्याला कुणी सुचवत नाही. तो शिकतो तसतशा जास्त अवघड केसेस त्याच्याकडे येतात. मिडवाइफच्या बाबतीत मात्र आपण धरून चालतो की हाताचं काम ही खालची पायरी, आणि शिकणं म्हणजे ती पायरी सोडणं.

यात नुकसान फक्त तिचं होत नाही, बायकांचंही होतं. लेबर रूममधली शिकलेली मिडवाइफ काय करू शकते ते बघा. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या रुग्णालयात जेनिफर स्लीप नावाची मिडवाइफ होती. त्या काळी प्रसूतीच्या वेळी योनीमार्गाजवळ छेद देणं ही जवळजवळ सवय झाली होती. आपोआप फाटण्यापेक्षा नीट कापलेलं बरं, पुढचा त्रास टळतो, असं सगळे सांगायचे. ही बाई रोज ते टाके बघत होती. तिनं ऑक्सफर्डच्या संशोधकांना सोबत घेऊन 1000 बायकांवर रीतसर चाचणी केली. एका गटात छेद शक्यतो टाळायचा, दुसऱ्यात मोकळेपणानं द्यायचा. पहिल्या गटात 10 टक्के बायकांना छेद दिला गेला, दुसऱ्यात 51 टक्के. दहा दिवसांनंतरच्या वेदनेत दोन गटांत फरक निघाला नाही. आणि छेद टाळला त्या गटात काहीच इजा न होता सुटलेल्या बायका जास्त होत्या. 1984 मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. सरसकट छेद देऊ नका, हे आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

त्याच्या थोडं आधी, 1980 च्या सुमारास, मोना रोम्नी या दुसऱ्या मिडवाइफनं असाच साधा प्रश्न धरला होता: प्रसूतीआधी बाईचे केस काढायचे आणि तिला एनिमा द्यायचा, हे कशासाठी? तपासून पाहिलं तर दोन्हीला सबळ कारण सापडलं नाही. किती बायकांची किती लाजिरवाणी मिनिटं त्या एका प्रश्नानं वाचली असतील!

हे प्रश्न कुणा बाहेरच्याला पडले नसते. जी रात्रभर त्या खाटेजवळ उभी असते तिलाच ते पडतात. पण प्रश्न पडून भागत नाही. तो मांडायचा कसा, गट कसे पाडायचे, किती बायका लागतील, आकडा योगायोगानं आलाय की खरा आहे, हे शिकावं लागतं. पदव्युत्तर शिक्षण हवंय ते यासाठी.

आता दुसरी बाजू. आमच्यातल्या कितीतरी ज्येष्ठ म्हणतात की पदवीनं बाळ हातात येत नाही, ते अनुभवानं येतं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे हे मी हलक्यानं घेत नाही. पायाळू बाळ नुसत्या हातानं ओळखणं मला पुस्तकानं शिकवलं नाही. पण अनुभवाला लिहिता येत नसेल तर तो बैठकीत हरतो, हेही मी पाहिलंय. तासाला 1 सेंटिमीटरची गोष्टच घ्या. गर्भाशयाचं तोंड तासाला निदान तेवढं उघडलंच पाहिजे, हा हिशेब आम्ही सगळ्यांनी पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती किती पुढे सरकली ते नोंदवायच्या तक्त्यावर, वर्षानुवर्षं पाळला. त्या तक्त्यावर हा वेग दाखवणारी सतर्कतेची रेघ फिलपॉट आणि कॅसल या दोघा डॉक्टरांनी 1972 मध्ये सुचवली होती, आणि हेतू चांगला होता: दूरच्या ठिकाणच्या मिडवाइफला बाई वेळेवर पुढे पाठवता यावी. पण पुढे ती रेघ म्हणजेच निसर्ग असं मानलं जाऊ लागलं. जुन्या मिडवाइफ म्हणायच्या, "थांबा, ही हळूहळू उघडणारी आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, घाई करू नका." त्यांचं कोण ऐकणार? कागदावर रेघ ओलांडलेली दिसायची. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं की काही बायकांच्या बाबतीत हा वेग वास्तवाला धरून नाही, नुसत्या त्याच कारणानं मध्ये पडू नका, आणि कळांचा सक्रिय टप्पा, म्हणजे तोंड भराभर उघडू लागतं तो काळ, 5 सेंटिमीटरपासून धरा. ज्यांना हे हातानं ठाऊक होतं त्यांच्याकडे ते मांडायची भाषा आणि जागा असती, तर किती आधी हे झालं असतं याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

मग वर जायचा रस्ता कसा असावा? एक नमुना आहे. इंग्लंडमध्ये 1999 नंतर 'कन्सल्टंट मिडवाइफ' हे पद आलं. निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष बायकांसोबत काम करायचं, ही त्या पदाची अटच होती. उरलेला वेळ शिकवणं, संशोधन, सेवा सुधारणं आणि नेतृत्व. मला हे 'निम्मा वेळ' शब्द फार मोलाचे वाटतात. ते लेखी असायला हवेत. तोंडी आश्वासनावर मिळालेला निम्मा वेळ पहिल्या महिन्यातच मीटिंगमध्ये जातो.

आणि शिक्षण मिडवाइफरीचंच हवं. खूप जणी व्यवस्थापनातली पदवी घेतात, कारण बढतीला तीच चालते. ज्यांना मनापासून प्रशासनात जायचंय त्यांनी जरूर जावं, चांगली प्रशासक असेल तर अख्खा वॉर्ड सुधारतो. पण तो एकमेव दरवाजा असू नये. तसंच मिडवाइफला मिडवाइफनं शिकवावं, जिचा हात अजून चालू आहे अशा मिडवाइफनं. आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाच्या मानकांत मूळ शिक्षण थेट प्रवेशाला, म्हणजे आधी नर्सिंग न करता येणाऱ्यांना, निदान तीन वर्षं आणि नर्सिंगनंतर निदान 18 महिने धरलंय. हा पाया झाला. त्यावर काय बांधायचं, याबद्दल बहुतेक ठिकाणी शांतता आहे.

संस्था चालवणाऱ्यांना एवढंच सांगते: मुलीला शिकायला पाठवताना ती परत आल्यावर कुठल्या पदावर बसणार आणि त्यात लेबर रूमचे दिवस किती, हे आधी ठरवा. अभ्यासाची रजा द्या. रात्रपाळीच्या भत्त्यासाठी तिला शिक्षण आणि घर यांत निवड करायला लावू नका. जगात नऊ लाख मिडवाइफ कमी आहेत असं 2021 च्या जागतिक अहवालात म्हटलंय. असं असताना शिकलेली, मुरलेली मिडवाइफ आपण स्वतःच खाटेपासून उठवतो, हे मला समजत नाही.

मी स्वतः खुर्ची सोडली. भत्ता गेला, आणि हात परत बसायला काही महिने लागले. आता आमच्याकडे येणाऱ्या बाईला कुशीवर झोपायचंय की गुडघ्यांवर टेकायचंय, हे विचारलं जातं. सगळ्या पाळ्यांमध्ये नाही अजून.

त्या मुलीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, फक्त प्रवेशअर्ज आणून दिला. त्यात एक रकाना आहे, हा अभ्यासक्रम का करायचा आहे. चार दिवस तो कोरा होता. काल नाइटनंतर तिनं तो कागद माझ्यासमोर धरला. पेन्सिलीनं लिहिलं होतं: "सकाळी आमची ड्यूटी बदलते आणि ओळखीचा चेहरा निघून जातो, तेव्हा बाईच्या कळा मंदावतात असं मला वाटतं. हे खरं आहे का, ते कसं तपासायचं?"

मी तिला जेन सँडल यांच्याबद्दल सांगितलं. त्याही मूळच्या मिडवाइफ. ओळखीची मिडवाइफ गरोदरपणापासून प्रसूतीपर्यंत सोबत राहिली तर काय होतं, यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 15 चाचण्या आणि 17,674 बायकांची माहिती एकत्र तपासली. उपकरण न लावता, आपसूक झालेल्या प्रसूती अशी सोबत मिळालेल्या बायकांमध्ये जास्त होत्या. पण ड्यूटी बदलताना कळांचं नेमकं काय होतं, हा तिचा प्रश्न तिचा स्वतःचा आहे.

ती म्हणाली, "ताई, हे फार साधं वाटतंय. जरा जड भाषेत लिहू का?"

मी पेन्सिल बाजूला ठेवली आणि तिला माझं पेन दिलं. हेच गिरव म्हटलं, एक शब्दही बदलू नको.